हिंदीचा मास्तर आणि ऊपरवाला

चहा घ्या, आधी चहा घ्या. हातात गरम कप असला की माणूस मधेच उठून जात नाही, एवढं तरी मी जन्मभर वर्गात उभं राहून शिकलोय.

तुम्ही नेहमी विचारता ना, "मास्तर, तुमचं बी.ए. हिंदीत, मग रिटायर होईपर्यंत इतिहास कसा शिकवला?" आणि मी नेहमी विषय बदलतो. आज सांगूनच टाकतो. माझ्या अब्रूचा पंचनामा आहे, पण तुमच्यापुढं कसली आलीय अब्रू!

बोरीच्या पुढं फाट्यावर एस्टीतून उतरायचं आणि तासभर पायी चालायचं, असं ते गाव. तिथल्या शाळेत मी हिंदीचा मास्तर म्हणून लागलो. मी परभणी शहरातला. म्हणजे स्वतःला कोण समजत होतो, विचारूच नका! शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलताना मधेच उगीच एखादा "अर्थात".

आता हिंदीत बी.ए. कसा झालो? गाईड पाठ करून. गाईडात जे नव्हतं ते मला येत नव्हतं. पण हे खेड्यातल्या माणसांना कुठं कळणार? त्यांना हिंदीतलं ओ की ठो समजत नाही, असं माझं पक्कं मत होतं. हे मत ध्यानात ठेवा. पुढं याच मतानं माझा घात केलाय.

नोकरी मात्र टेंपरवारी. दर जूनला नवी ऑर्डर. संस्थेचे अध्यक्ष लिंबाजीअप्पा. शाळा अप्पांची, शाळेची घंटा अप्पांची आणि घंटा वाजवणारा शिपाई अप्पांचा भाचा. माझी ऑर्डर पक्की करायची तर अप्पांची सही लागायची, आणि अप्पा म्हणायचे, "करू की मास्तर. तुमी कुटं पळून चाललात?"

इकडं सोनपेठला माझे सासरे. बाजारात भेटले की चार माणसांत मोठ्यांदा विचारायचे, "जावईबापू, झालं का पक्कं?" चार माणसं माझ्याकडं बघायची. मी वांगी बघायचो.

अशात अप्पांच्या घरी टीव्ही आला. गावातला पहिला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, त्याला शटर. सगळं गाव अप्पांच्या मधल्या घरात येऊन बसलं. एक हिंदी सीरियल सुरू व्हायची होती, विनोदी म्हणे. अप्पांनी मला पुढं बोलावलं.

"मास्तर, तुमी हिंदीचे ना? बसा टीव्हीपाशी. ते काय बोलायलेत ते आमाला मराठीत सांगा. बायामानसांना बी कळू द्या."

नाही म्हणू? जून दोन महिन्यांवर होता! बसलो.

सीरियलीचं नाव पडद्यावर आलं, 'ऊपरवाला किराएदार'. झालं! किराएदार म्हणजे भाडेकरू, हे गाईडात होतं. आणि ऊपरवाला? ऊपरवाला म्हणजे देव! हे तर सिनेमातसुद्धा म्हणतात. मी घसा खाकरला आणि जाहीर केलं, "भाविकहो, ही देवाची गोष्ट आहे. परमेश्वर माणसाच्या घरी भाड्यानं राहायला आलाय."

अप्पांची मालकीण, सोजरआई, हिनं पटकन डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून घेतला. मला वाटलं, भक्ती!

आता खरी गोष्ट काय होती? खाली एक चिडका घरमालक राहतो, वरच्या मजल्यावर नवरा-बायको भाड्यानं राहतात, आणि पाण्यावरून, आवाजावरून यांची रोज भांडणं. बास. लहान पोराला कळेल अशी सीरियल. मला सोडून.

मालक जिन्याखाली बादली घेऊन उभा राहिला आणि वर बघत ओरडला, "ऊपरवाले! पानी कब छोडोगे?"

मी म्हणालो, "बघा! पावसासाठी साकडं घालायलाय."

आपल्याकडं पावसाचं साकडं कोणाला खोटं वाटेल? सगळ्यांनी माना डोलावल्या. मला चेव चढला. दुसऱ्या खेपेला मालक बायकोला सांगत होता, "ऊपरवाला दिनभर नाचता है." मी म्हणालो, "तांडव! म्हणजे महादेव आहेत हे." वरच्या बाईचं वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं उडून मालकाच्या डोक्यावर पडलं. मी म्हणालो, "पार्वतीमातेनं वस्त्र दिलं." वरच्याचा एक लोचट मित्र तंबोरा घेऊन आला, त्याला मी नारदमुनी करून टाकला. तंबोराच होता की हातात!

बायका पदरात तोंड लपवून गदगदा हलायच्या. पुरुष डोळे पुसायचे. मला भरून यायचं हो! म्हणलं, काय श्रद्धा आहे या लोकांची. सोजरआईनं तर टीव्हीपुढं नारळ ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, देवाचं एवढं ग्यान तुमाला, पोखर्णीच्या नरसिंहाला तुमच्या नावानं येक नारळ फोडते मी."

चौथ्या खेपेला मालक तरातरा जिना चढला आणि दार बडवून ओरडला, "ऊपरवाले! मकान खाली करो!"

मी दोन्ही हात जोडले. "म्हणतोय, देवा, आता तरी खाली ये!"

आणि खोलीवर परत जाताना, मारुतीच्या पारापाशी, माझे पाय जागच्या जागी थांबले. खाली म्हणजे रिकामं! मकान खाली करो म्हणजे घर रिकामं करा! अरे, हे तर मी स्वतः पाचवीच्या पोरांना फळ्यावर लिहून देतो! आणि ऊपरवाला म्हणजे... वरचा. नुसता वरचा! वरच्या मजल्यावरचा!

आता काय करावं माणसानं? जाऊन सांगावं, "अप्पा, तो महादेव नाही, बँकेतला क्लार्क आहे"? जूनची ऑर्डर डोळ्यांपुढं नाचायली. मी गप्प बसलो.

त्या आठवड्यात वावटळ आली, अँटेना पार वाकडा झाला आणि टीव्हीत काहीतरी जळालं. सीरियल तिथंच थांबली. मनातल्या मनात मीच पोखर्णीला नारळ बोलून टाकला.

झालं ते झालं, असं म्हणून पाच-सहा वर्षं गेली. ऑर्डर अजून टेंपरवारीच. सासऱ्यांचा प्रश्नही तोच आणि वांगीही तीच. आणि मग एका मे महिन्यात तीन गोष्टी एकदम झाल्या.

एक, शाळेला हिंदीची एक पक्की जागा मंजूर झाली. एकच. दोन, अप्पांच्या धाकट्याचं लग्न झालं आणि सून आली, सुमनवहिनी. एम.ए. हिंदी, बी.एड.! तीन, अप्पांकडं रंगीत टीव्ही आला आणि तीच जुनी सीरियल दुपारी पुन्हा दाखवायला लागले. अगदी पहिल्या भागापासून!

अप्पांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, ते तुमचं देवाचं हाय ना, ते परत लागायलंय. उद्या दुपारी या. पैल्यावानी सांगा आमाला. सुमन बी बसंल."

सुमनवहिनी दारात उभी राहून गोड हसली. "हो सर, मलाही ऐकायचंय."

कळलं ना? सीरियल कसली, इंटरव्ह्यूच होता तो! एका बाजूला एम.ए. हिंदी, दुसऱ्या बाजूला मी आणि महादेव.

डोकं चालवलं. माझ्या डोक्याचं एक आहे, चालू नये तेव्हा जोरात चालतं. ठरवलं, अँटेनाच फिरवायचा. दिसलंच नाही तर सांगायचं काय? दुसऱ्या दिवशी दुपारी, सीरियलीच्या जरा आधी, मागच्या बोळातून शिडीनं अप्पांच्या घराच्या सपाट मातीच्या माळवदावर चढलो. ऊन असं की चपलेतून तळवा भाजायला लागला. वर सोजरआईनं धोतरावर कुरडया वाळत घातलेल्या. त्यांच्यातून बोटांवर चालत अँटेनापाशी गेलो आणि दिला एक हिसडा.

खालून आवाज आला, "आगं बया! मुंग्या आल्या सगळ्या!"

जिंकलो! आता गुपचूप उतरायचं आणि पुढच्या दारानं "काय, लागली का सीरियल?" म्हणत यायचं. मागं येऊन बघतो तर शिडी गायब. अप्पांचा गडी शिडी घेऊन कडब्याच्या गंजीकडं निघाला होता. हाक मारू? कोणत्या तोंडानं? इथं काय करत होतो म्हणून सांगू?

माळवदाला मधोमध उजेडासाठी एक झरोका होता. बरोबर मधल्या घराच्या वर. मी कुरडया सरकवून पालथा पडलो आणि खाली कान लावला.

अप्पा म्हणायले, "मास्तर कुटं गेलं? त्यांच्याबिगर काय मजा हाय ह्या सीरियलीत?"

सुमनवहिनीचा आवाज आला, "मामंजी, मी आधी बघितलीय ही. ही तर घरमालक आणि भाडेकरूची गोष्ट आहे. देव कुठून आला यात?"

"मास्तरानं आनला," अप्पा म्हणाले, आणि सगळं घर फिदीफिदी हसलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आगं पोरी, मी निजामाच्या राज्यात सातवी झालो, सगळं उर्दूत. ह्या घरातले समदे जुने कागद उर्दूत हायेत. ऊपरवाला आन् किरायेदार मला कळंना व्हय?"

देवा रे! अप्पा ओसरीवर जुने कागद घेऊन बसायचे आणि उजवीकडून डावीकडं बोट फिरवायचे, हे मी कितीदा बघितलं होतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला अक्षर दिसत नसेल, चाचपडायलाय!

सोजरआई म्हणाली, "मला तर हसू दाबता दाबता कळ यायची पोटात. पदरच कोंबून बसायची मी तोंडात. पार्वतीचं लुगडं म्हनं! आन् मानूस बिचारं येवढं मन लावून सांगायचं, की आपलं सांगायला जीव हुईना. म्या तर नारळ ठिवला."

"मग कोणीच कसं सांगितलं नाही त्यांना?"

"कामून सांगावं?" अप्पा म्हणाले. "सीरियल बरी होती, मास्तर लय भारी होतं. टीव्ही जळाला तवा गाव हळहळलं, ते का सीरियलीसाठी?"

सुमनवहिनी म्हणाली, "हसण्याचं ठीक आहे मामंजी. पण हेच सर पोरांना हिंदी शिकवतात."

खरं सांगतो, तेवढं एक वाक्य मला झोंबलं. कारण ते खरं होतं. माझ्या नोकरीची काळजी गावातल्या प्रत्येकाला माहीत होती, पोरांच्या हिंदीची काळजी मात्र त्या एका पोरीलाच वाटली. मास्तर असून मलाही नाही.

लाज वाटली आणि मागं सरकायला गेलो. गुडघ्याखाली एक कुरडई करकन् मोडली, हात निसटला, आणि झरोक्याच्या काठाचं मातीचं ढेकूळ सुटून थेट अप्पांच्या चहात पडलं.

सगळ्यांनी वर बघितलं. झरोक्यात माझं तोंड. कपाळाला कुरडईचा चुरा.

अप्पांनी बशी शांतपणे खाली ठेवली, धोतरावरचा चहा झटकला आणि अशा खणखणीत, नितळ उर्दूत बोलले की माझं गाईड जळून खाक झालं.

"जनाब ऊपरवाले! तशरीफ लाइए. मकान खाली कीजिए." आणि मग मराठीत, "हां मास्तर, आता सांगा ह्याचा अर्थ!"

माझ्या तोंडातून काय निघावं? "अप्पा... शिडी न्हाई हो!"

सोजरआई हसता हसता जमिनीवर आडवी झाली. मला उतरवायला अर्धं गाव आलं. शिडी सापडायच्या आधी बातमी पसरली होती.

खाली आल्यावर मी अप्पांपुढं मान घालून उभा राहिलो. म्हणलं, "चुकलो अप्पा. हिंदीची जागा सुमनवहिनीलाच द्या. त्यांचाच हक्क आहे. मी उद्या गाशा गुंडाळतो."

"हिंदीचं तिचंच ठरलंय, त्याची तुमी परवानगी नका देऊ," अप्पा म्हणाले. "तुमचं बोला. इतिहासाची येक जागा हाय. इतिहास होता का बी.ए.ला?"

"न्हवता अप्पा."

"मंग तर लयच झ्याक! जे झालंच न्हाई ते छाती ठोकून सांगनारा मानूस पायजेच होता आमाला. ह्या जूनपासून पक्की ऑर्डर."

"अप्पा, पक्की?"

"पक्की. पर त्या चार कुरडया भरून द्याव्या लागतील, ही म्हनायली."

तर असा मी इतिहासाचा मास्तर झालो. पहिल्या वर्षी मात्र पुस्तकं नीट वाचली, गाईडाला हात लावला नाही. एवढं तरी केलं. सुमनवहिनीच्या वर्गातली पोरं हिंदीत माझ्यापेक्षा लाख पटीनं चांगली निघाली. मीही मागच्या बाकावर बसून तिच्याकडं थोडं शिकलो. सासऱ्यांनी सोनपेठच्या बाजारात स्वतःच पेढे वाटले.

आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. तरी त्या गावाला गेलो की फाट्यावर पारावर बसलेलं कोणीतरी हमखास ओरडतं, "काय ऊपरवाले, कवा उतरले?"

आणि देवाशपथ सांगतो, दरवेळी मी क्षणभर गोंधळतो. हा एस्टीतून उतरल्याचं विचारायलाय, का माळवदावरून?