सतरंजी नाही तो पेशंट नाही

हिंगोली जिल्ह्यात ठणठणीत माणसानं दवाखान्याच्या खाटेवर कण्हत पडावं आणि आमच्या साडूंनी त्याला ओळखू नये, असं आजवर घडलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान, सरकारी आरोग्य योजनेचे तपासनीस. योजनेत ऑपरेशन फुकट होतं, बिल सरकार भरतं. म्हणून काही बहाद्दर डॉक्टर धडधाकट माणसांनाही आडवं करतात. त्या बहाद्दरांची झोप साडूंनी उडवली आहे. माणूस नियमाला इतका पक्का, की ज्या दवाखान्याची तपासणी, तिथलं पाणीसुद्धा वर्ज्य. माझ्या डॉक्टर चुलतभावाच्या पोरीच्या लग्नात साडू आले, अक्षता टाकल्या आणि पंगतीच्या वेळी गायब! शोधतो तर मंडपामागं मोटारसायकलवर बसून घरची भाकर खाऊन राहिलेले. "उद्या ह्याच्याच दवाखान्यात जायचंय, साडूभाऊ. पोटात ह्याचे गुलाबजामुन असल्यावर पेन चालत न्हाई!" मेहुणी बिचारी कपाळाला हात लावून बसली होती.

तपासणीची रीतही खास त्यांचीच. रिपोर्ट, एक्स-रे बघतात, पण सगळ्यात शेवटी. "कागद दुसऱ्याचाबी आणता येतो," म्हणतात. आधी वाकून खाटेखाली बघायचं. आपल्याकडं माणूस ॲडमिट झाला की अर्धं गाव सोबतीला येतं. खाटेखाली सतरंजी, डबे, चपला, बिस्किटाचे पुडे आणि एखादी पेंगणारी आत्या असतेच. "सतरंजी न्हाई, तो पेशंट न्हाई!" हा साडूंचा कायदा. वसमतला एकदा अपेंडिक्सचा पेशंट बघायला गेले, तर खाटेखाली झाडून लख्ख. साडूंनी त्याला काही विचारलंच नाही. खिडकीकडं बघत नुसतं म्हणाले, "हळदीचा भाव लई चढला म्हणं आज." पेशंट ताडकन उठून बसला, "किती झाला?"

गेल्या हिवाळ्यात मात्र गंमत राहिली नाही. एका म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलेलं, असं कागदावर होतं. खाटेखाली काही नाही. साडूंनी तिथल्या तिथं फोन लावून ऑपरेशनची मंजुरी थांबवली. निघाले, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "साहेब, पाण्याचा गिलास जरा इकडं सरकवता का? हात पुरत न्हाई." गिलास देताना खाटेला धक्का लागला आणि म्हातारा असा ओरडला, की ते सोंग कुणाच्या बापालाही जमलं नसतं.

"काहून एकटे, बाबा?"

"पोरगा-सून ऊसतोडीला गेल्यात. तांड्यावर म्हातारी अन् बारकी लेकरं. शेजाऱ्यानं टेम्पोत आणून सोडलं. त्यालाबी त्याचं काम हाय की."

"चूक माझी," असं फोनवर सांगून त्यांनी मंजुरी चालू करवली. आता आपण पेशंटचे माणूस झालो म्हणून केस दुसऱ्या तपासनीसाकडं सोपवली, रजा टाकली आणि बाजारातून नवी सतरंजी आणून खाटेखाली पसरली. तपासनीसच खाटेखाली मुक्कामाला आल्यावर डॉक्टरांचं काय झालं असेल! वॉर्डातले पंखे कधी नव्हे ते पुसले गेले. ऑपरेशन झालं, पोरगा आला, तेव्हाच साडू घरी गेले.

मी कौतुक करायला गेलो. "तुमच्यामुळं म्हातारा वाचला."

"तो बोलला म्हणून वाचला. आधी ज्यांना मी खोटं ठरवलं, त्यातला एखादा खरंच एकटा असला तर?"

अशा हुशार माणसाचा चेहरा तसा पडलेला बघवत नव्हता.

हल्ली रविवारी साडू घरी सापडत नाहीत. नाकारलेल्या पेशंटांची गावं हुडकत फिरतात. शिरड शहापूरचा एकजण अस्सल सोंगाड्या निघाला. शेतात हळदीची पोती उचलत होता. साडूंना इतकं आनंदलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, पेढे घेऊन आले!

आता कुरुंद्याचा एक राहिलाय. तपासणीच्या दिवशी तो काहीच बोलला नव्हता, नुसता बघत होता म्हणे. त्याच्या घरी जायला साडूंचे पाय उचलत नाहीत. "तुमी येता का संगं?" परवा हळूच म्हणाले.

येत्या रविवारी जायचंय.