एकोणचाळीस सोमवार

मास्तरने बायकोच्या मानेवरचा तीळ एकतीस वेळा पुसला आणि एकदाही पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी त्याची कड घ्यायला नको. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. वाईट असता तर निदान चार लोकांनी त्याच्यावर नजर तरी ठेवली असती. तो कामसू होता, आणि कामसू माणसाकडे कोण बघतं?

मास्तर हे नाव शाळेतलं नव्हे. एका फोटो स्टुडिओत तो बावीस वर्षं टचअप करत होता. पुढच्या खोलीत मालक फोटो काढायचा, मागच्या खोलीत मास्तर ते घासूनपुसून माणसांत आणायचा. आधी बारीक कुंचला आणि शाई होती, मग कॉम्प्युटर आला. मुरूम, जुने व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दातांतली फट, दिवसाला साठ चेहरे त्याच्या हाताखालून जायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, जरा बरा दिसू दे. आणि मास्तर त्याला इतका बरा दिसू द्यायचा, की पासपोर्टच्या खिडकीतला कारकून एकदा फोटोकडे आणि एकदा माणसाकडे बघत बसायचा. साठ चेहरे उरकायचे तर प्रत्येकाचं सुखदुःख विचारत बसून चालत नाही. डोळा डाग शोधायचा, हात पुसायचा, आणि डोक्याला यातलं काही कळवायची पद्धत नव्हती.

मग मोबाइलच आपोआप माणसाला गोरागोमटा करू लागले आणि मालकाने मास्तरला अर्ध्या दिवसावर आणलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, घरात दोघंच, मूलबाळ नाही. बावीस वर्षांत मालकाने त्याला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता, ते शल्य होतंच. बायको म्हणाली, जा, कॉलेजात शिका, नाहीतर घरात बसून भिंतींवरचे डाग पुसाल. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायची. तिथे बोलून बोलून तिच्या जिभेलाही धार आली होती. तिनेच फॉर्म आणला, तिनेच भरला आणि मास्तर संध्याकाळच्या फोटोग्राफीच्या कोर्सला जाऊन बसला.

वर्गात तेवीस पोरंपोरी आणि हा एक काका. शिकवणारे सर त्याच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. त्यांच्या एका तासाला सगळे टरकून असायचे, तो म्हणजे भिंतीचा तास. ज्याचे फोटो असतील त्याने ते भिंतीला लावायचे, मागे जाऊन बसायचं आणि बाकीचे बोलतील ते ऐकायचं. ज्याचे फोटो त्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. फोटोला स्वतःची बाजू मांडता येत नाही, मग तुम्ही कोण मांडणार, असं सर म्हणायचे. पोरं त्या तासाला एकमेकांची अशी सालटी काढायची की एक मुलगी दुसऱ्याच महिन्यात कोर्स सोडून गेली.

वर्षभराचा अभ्यास एकच होता. एक माणूस, एक खिडकी, एक खुर्ची. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक फोटो, असे चाळीस. फोटोवर नंतर कसलंही काम करायचं नाही. दिवसाने आणि माणसाने जे बदलेल ते बदलू दे. हा अभ्यास झाल्याशिवाय पास नाही.

बायकोची सुट्टी सोमवारी, म्हणून सोमवार ठरला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ठेवून मास्तरने तिला पाठमोरं बसवलं, चेहरा थोडा उजेडाकडे वळवला आणि केस स्वतःच्या हाताने वर उचलून पिनांनी बांधले. एरवी तिचा अंबाडा मानेवरच पडलेला असायचा. "तुझी मान अजून पंचविशीतली आहे," तो म्हणाला. एवढं गोड तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता. ती लाजली, आणि तेव्हापासून रविवारीच केस धुऊन ठेवू लागली. कारखान्यात तिने सगळ्याजणींना सांगितलं, की आमचे हे दर सोमवारी अर्धा तास नुसतं माझ्याकडे बघत असतात. बायका हसायच्या, आणि तीही हसायची.

नवव्या सोमवारी कानामागे, केस जिथे सुरू होतात तिथे, एक काळा ठिपका आला. मास्तरला तो कॉम्प्युटरवर दिसला, म्हणजे डोळ्याला दिसला. कॅमेऱ्यात धूळ गेली की असे ठिपके उमटतात, हे त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं. नवीन शिकलेला माणूस जे दिसेल ते त्या नव्या शिकण्यातच बसवतो. मास्तरने फुंकणीने कॅमेरा साफ केला, आणि ठिपका पुसला. काम करायचं नाही हा नियम होता खरा, पण धूळ काढणं म्हणजे काही काम नव्हे, असं त्याने मनाशी ठरवलं. धुळीचा ठिपका चौकटीत एकाच जागी राहतो; हा मानेबरोबर हलत होता. पण ते कळायला बघावं लागतं. दहाव्या सोमवारपासून तर ठरवणंसुद्धा राहिलं नाही. फोटो उघडायचा, हात जायचा, मान स्वच्छ व्हायची. जित्याची खोड, दुसरं काय. मुळातल्या फाइली तशाच एका कप्प्यात पडून राहायच्या, त्या पुन्हा उघडायचं काही कारण नव्हतं.

एकदा, विसाव्या की एकविसाव्या सोमवारी, ती म्हणाली होती की कंगव्याला मागे काहीतरी अडकतं, जरा बघता का. मास्तर तेव्हा कॅमेऱ्याला डोळा लावून होता. तो म्हणाला, हनुवटी हलवू नकोस. ती हलली नाही.

तीस फोटो झाल्यावर भिंतीचा तास आला. पोरांनी कौतुक केलं, काका छुपे रुस्तम निघाले म्हणाली. सर मात्र फोटोंना नाक लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "काका, ही मान खरी नाही. पन्नाशीच्या बाईला सात महिन्यांत एक पुटकुळी येत नाही? मुळातल्या फाइली घेऊन या."

मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालचं पोर आपल्याला खोटं म्हणतं, तेही तेवीस जणांसमोर आणि आपल्याला तोंड उघडायची बंदी. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, की सर जळतात. तीही म्हणाली, जळू देत. पुढच्या आठवड्यात तो फाइली विसरला, त्याच्या पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर बिघडला, मग त्याला सर्दी झाली. असे आठ आठवडे त्याने आपली अब्रू राखली. नंतर डॉक्टरांनी हिशेब सांगितला तेव्हा त्या आठ आठवड्यांचं काय मोल होतं ते कळलं. शेवटी सरांनी निर्वाणीचं सांगितलं, की फाइली नसतील तर निकालही नाही. एकोणचाळिसाव्या सोमवारी संध्याकाळी मास्तर फणकाऱ्याने पेनड्राइव्ह घेऊन वर्गात गेला. आत काय आहे ते त्याने पाहिलं नव्हतं. त्याला खरोखर वाटत होतं, की आत स्वच्छ मान आहे.

सरांनी दिवे बंद केले आणि फाइली मोठ्या पडद्यावर एकामागोमाग सोडल्या, सेकंदाला एक. खुर्ची तीच, खिडकी तीच, मान तीच. आठ फोटो गेले. मग ठिपका आला. ठिपक्याचा तीळ झाला, तिळाची मसूर झाली, कडा फाटल्या, एका बाजूने निळसर झाला, शेवटच्या चारपाच फोटोंत वर ओलसर चकाकी होती. मागून एक पोरगा म्हणाला, काका, याला रोज पाणी घालता का, आणि वर्ग खिदळला. मास्तरला आधी वाटलं, फाइली दुसऱ्या कुणाच्या लागल्या. मग त्याने बायकोच्या पिना ओळखल्या. तोंड उघडायचं नव्हतं. अंधारात त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप फिरत होती, पुसल्यासारखी.

नर्सिंग अर्ध्यावर सोडून आलेली एक मुलगी उठून उभी राहिली. तिने सरांना थांबवायला सांगितलं आणि मास्तरजवळ आली.

"काका, काकूंना उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात न्या. उद्याच."

सर गडबडले. त्यांनी दिवे लावले आणि म्हणाले, नियम राहू दे, काका, बोला. मास्तर म्हणाला, मी हे पाहिलंच नव्हतं. मग मघाच्याच पोराने, या वेळी न हसता, विचारलं, "मग पुसलं कोणी?"

दवाखान्यात डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की हे केव्हापासून आहे. बायको म्हणाली, मागचं मला कसं दिसणार, ह्यांना विचारा, हे दर सोमवारी बघतात. तिने पिशवीतून मास्तरचे भिंतीवर लागलेले फोटो काढून अभिमानाने टेबलावर मांडले. घरातून निघताना तिनेच ते घेतले होते, डॉक्टरांना उपयोग होईल म्हणून. तीस फोटो, तीस स्वच्छ माना. डॉक्टरांनी तिच्या मानेकडे पाहिलं, फोटोंकडे पाहिलं, मग मास्तरकडे. मास्तरने पेनड्राइव्ह पुढे केला. सात महिन्यांपूर्वी आणलं असतं तर एवढंसं कापून घरी पाठवलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता ते गळ्यातल्या गाठींत उतरलं होतं आणि तिथून पुढे कुठे, ते तपासण्या सांगणार होत्या. पुढच्याच आठवड्यात तपासण्यांनी सांगितलं. फुप्फुसात, आणि यकृतात.

सरांचा फोन आला. आवाज खाली आणून त्यांनी आधी चौकशी केली, मग अडखळत सांगितलं, की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुळातली मालिका पाहिली आणि एक फोटो कमी असूनही मास्तरला पहिला नंबर दिला. आजवर या कॉलेजात असं काम झालं नाही, असंही परीक्षक म्हणाले होते. सर खोटं बोलत नव्हते.

"पास झालात का?" बायकोने विचारलं.

"पहिला आलो."

तिने मान हलवली, आणि पट्टी ओढली गेली म्हणून डोळे मिटले. नंतर तिने मुळातले फोटो मागितले. कॉम्प्युटरवर तिने ते एकेक करून सगळे पाहिले, अजिबात घाई न करता. मास्तर बाजूला उभा होता. विसाव्या फोटोवर ती थांबली. मग पुन्हा पुढे गेली.

"तुम्हाला ते वाईट दिसलं म्हणून पुसलंत?"

"नाही गं. सवयीने."

"सवयीने म्हणजे? न बघता?"

मास्तरला खोटं बोलता आलं असतं. धुळीचं सांगता आलं असतं, उजेडाचं सांगता आलं असतं. त्या एका क्षणी तो खरं बोलला, आणि ते खोट्यापेक्षा वाईट होतं.

"न बघता."

तिने कॉम्प्युटर बंद केला. रडली नाही. मग म्हणाली, "मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले होते, की तुम्ही माझ्याकडे बघता."

चाळिसावा फोटो राहूनच गेला होता. दोनेक महिन्यांनी एका सोमवारी तिने सकाळी स्वतःच खुर्ची खिडकीशी ओढली. केस औषधांनी जायला लागले होते, बांधायचा प्रश्न नव्हता. मास्तर कॅमेरा घेऊन आला तर ती नको म्हणाली. खुर्ची तिने खिडकीकडून फिरवली आणि त्याच्यासमोर तोंड करून बसली. म्हणाली, कॅमेरा ठेवा, अर्धा तास नुसतं बघा, मला बघायचंय तुम्हाला जमतं का ते.

तो समोर स्टुलावर बसला. खिडकीतून डाव्या गालावर उजेड पडला होता, तो चांगला होता. मास्तरची नजर गालावर गेली, तिथून मानेवरच्या पट्टीकडे आली, पट्टीवरच्या तांबूस डागाला लागली आणि तिथून सरळ भिंतीवर गेली. त्याने ती परत आणली. ती पुन्हा गेली. बायको त्याच्या डोळ्यांकडे बघत, नजर किती वेळा सुटते ते मोजत होती. पाच-सहा मिनिटं झाल्यावर ती म्हणाली, पुरे, आणि खुर्चीचा हात धरून हळूहळू उठली.