कोणत्या शतकातला यहुदी?

माझा नवरा नफ्ताली प्राध्यापक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी यहुदी कुणाला म्हणायचे, या एका प्रश्नावर त्याने उभी हयात घालवली. ते काय खायचे, पोरांची नावं काय ठेवायचे, शेजारचे ग्रीक त्यांना कशावरून टोमणे मारायचे, सगळं तोंडपाठ. घरातलं दूध संपलंय, हे मात्र मलाच सांगावं लागतं.

लग्नाआधी आमच्याकडे रब्बींपुढे, म्हणजे धर्मगुरूंपुढे, जाऊन आपण यहुदी आहोत हे पटवावं लागतं. माझं सोपं होतं. आमची आख्खी गल्ली कुर्दिस्तानातून जेरुसलेमला आलेली, एकमेकांची लफडीसुद्धा ठाऊक. नफ्ताली आणि त्याची आई फ्रुमा आले ओदेसाहून, तिथे सोव्हिएत सरकारची धर्मावर बंदी, आणि कागदपत्रं युद्धात जळालेली. लग्न चार दिवसांवर, माझ्या आईने कुब्ब्यांचं, म्हणजे खिमा भरलेल्या गोळ्यांचं, सारण परतायला घेतलेलं, आणि रब्बी नाही म्हणाले की सगळं मुसळ केरात! मी त्याला बजावलं, "नुसतं हो म्हण. व्याख्यान देशील तर याद राख."

रब्बींनी विचारलं, "तू यहुदी आहेस का?"

"कोणत्या शतकाच्या हिशेबाने?"

मी कपाळावर हात मारला. गडी सुटला की! म्हणे राजांच्या काळी वंश बापाकडून धरायचे, आईकडून धरायची आजची रीत मागाहूनची. रब्बींच्या भुवया टोपीत शिरल्या.

"म्हणजे तुझी आई यहुदी नाही?"

"तसं कुठे म्हटलं? पण पुरावा काय, हा प्रश्न उरतोच."

कोपऱ्यात बसलेल्या फ्रुमाबाई उठल्या. हातातली पिशवी त्यांनी त्याच्या पाठीत हाणली आणि यिद्दिशमध्ये, तिकडच्या यहुद्यांच्या घरगुती बोलीत, तोंड सोडलं; एव्हाना ती मलाही कळायची. "मुडद्या! पेसाखच्या सणाची बेखमीर रोटी भाजताना वास बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडक्यांना रजया लावायचे. ती चुगलखोर शेजारीण टपकली की गरम रोट्या तुझ्या अंथरुणात कोंबायचे, वर तुला निजवायचे, म्हणायचे पोराला गोवर आलाय. ढुंगण भाजलं तरी हूं की चूं केलं नाहीस! आणि आता पुरावा मागतोस होय रे?"

रब्बी हसता हसता डोळे पुसायला लागले. त्यांची आईसुद्धा अशीच यिद्दिशमध्ये झाडायची म्हणे. मग म्हणाले, "प्राध्यापक, शेवटचं विचारतो. तू कोण?"

नफ्तालीने आईच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

"मी हिचा मुलगा," तो म्हणाला.

"मग एवढा वेळ काय सांगत होतास?" रब्बी म्हणाले. "जा, लग्न कर."