हात धरा, दाजी

डोळा लागतोय न लागतोय अशी दुपार. मी चटईवर पडलेय, मोबाईल पोटावर, आणि त्यातला कराटेवाला मास्तर अजून बडबडतोय. समोरच्यानं मनगट पकडलं की त्याच्या अंगठ्याकडं फिरवा, झटका द्या, सुटला! सोपं आहे त्याला. आमच्या विट्यात बायकांना हे शिकवणारं कुणी नाही, म्हणून मी व्हिडिओ बघून शिकते. ओढणीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं मनगटाला. गजाला अंगठा नसतो, पण करता काय.

कशासाठी शिकते तेही सांगते. दाजीसाठी. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नवऱ्यासाठी. आक्का जिन्यावरनं पाय घसरून पडली आणि गेली, असं तो म्हणतो, आणि सगळ्यांनी ते मुकाट गिळलं. मी नाही गिळलं. तिला शेवटची आंघोळ मी घातली. तिच्या मनगटावर काचेचे काप होते, ताजे होते तसे जुने, बुजलेलेही होते. "पडताना बांगड्या पिचल्या असतील," बायका म्हणाल्या. वर तिला हिरवा चुडा भरला, मळवट भरला आणि म्हणाल्या, अहेव गेली, भाग्याची होती. भाग्याची! तेव्हापासून मी हातात काच घातलेली नाही.

आज चहाच्या वेळेला तो येतोय, दुसऱ्या लग्नाची पत्रिका घेऊन. आई त्याच्यासाठी शिरा करतेय. "दारात आलेल्याला काय हाकलून देऊ?" म्हणते. हाकलू नकोस, येऊ दे. त्यानं एकदा माझ्या अंगाला हात लावावा, एवढीच माझी इच्छा आहे.

भाजलेल्या रव्याचा वास दाट होत जातो आणि मनगटावरची ओढणी आपोआप ताणली जाते. दुसऱ्या टोकाला गज नाही, आक्का आहे.

"सगळं उलटं करतीयस," ती म्हणते. "मास्तर तुझ्याकडं तोंड करून उभा आहे. त्याचा उजवा तो तू डावा धरलायस. अख्खं कराटे डावखुरं शिकलीस गं बाई!"

"मेलीस तरी चुका काढायची थांबली नाहीस."

"मग कोण काढणार? तो मोबाईल?"

मी उठून बसते तर खाली चटई नाही, शाळेचं मैदान आहे. फक्कीची रेघ आखलेली, आणि रेघेपलीकडं आमच्या स्वयंपाकघराची खिडकी. आत आई कढई हलवतेय, पण आमच्याकडं बघत नाही. आक्काच्या अंगात कबड्डीची बनियन आहे, गुडघे मातीनं भरलेत.

मला रडू येत नाही, रागच येतो. "चार पोरी अंगावर घेऊन रेघेला हात लावायचीस तू! सगळी शाळा ओरडायची. आणि एका माणसाच्या हातातनं तुझं मनगट सुटलं नाही? मला त्याचा राग येतो तेवढाच तुझा येतो, आक्का. खरं सांगते."

ती गुडघ्यांवरची माती झटकते. मग म्हणते, "हात पुढं कर."

मी हात पुढं करते तर माझ्या हातात हिरवा चुडा आहे, कोपरापर्यंत. कुणी भरला, कळत नाही. फक्कीची रेघ आता पायरीची कड झालीय आणि आम्ही तिच्या सासरच्या जिन्यात उभ्या आहोत. आक्का माझं मनगट धरते. नुसतं नाही, बांगड्यांवरनं, दाबून. हात गार आहे.

"आता सोडव. मास्तर सांगतो तसं."

मी अंगठ्याकडं फिरवते. कच् आवाज होतो आणि काच आत जाते.

"आई गं!"

"बघितलंस? जेवढं फिरवशील तेवढी आत जाते. त्याला ठाऊक होतं. मुद्दाम बांगड्यांवरनंच धरायचा. मैदानावर आपण बांगड्या उतरवून खेळायचो, वैजे."

माझा राग तिथल्या तिथं विरघळतो. म्हणजे तिच्यावरचा. त्याच्यावरचा दुप्पट होतो.

"मग घरात पण उतरवायच्यास!"

"एकदा उतरवल्या. सासूनं दाराबाहेर उभं केलं, नवरा जिवंत असताना रिकामे हात दाखवतेस म्हणून."

"मग सुटायचं कसं?"

"सुटायचंच नाही." ती हसते. चढाईला जाताना हसायची, तसंच. "तो ओढतो तिकडंच जायचं, त्याच्या अंगावर. मनगट राहू दे त्याच्याकडं, कोपर तर तुझं आहे ना? मला हे सुचलं तेव्हा मी वरच्या पायरीवर होते. उशीर झाला."

ती ओढते. मी जाते. कोपर तिच्या हनुवटीला लागतं.

"वर. तो माझ्यापेक्षा उंच आहे."

परत करते. परत. काच टोचत नाही आता.

"तू पण चल की बरोबर," मी म्हणते. "दोघी मिळून मारू मेल्याला."

"मला तुम्ही मळवट भरून वाटेला लावलंत. आता तू जा."

"वैजू! अगं ऊठ, दाजी आलेत!"

आईचा आवाज. मी चटईवर आहे. ओढणी गजाला तशीच लोंबतेय. माझ्या मनगटावर मात्र ताजा, बारीक काप आहे, आणि चटईवर हिरव्या काचेचा तुकडा पडलाय.

मी कपाट उघडते. दिवाळीला आली तेव्हा आक्कानं आपल्या हिरव्या बांगड्या इथं ठेवल्या होत्या. त्या सगळ्या चढवते आणि बाहेर जाते.

"घातल्यास एकदाच्या!" आई खूश होते.

दाजी खुर्चीत बसलाय, हातात शिऱ्याची बशी. मला बघून उठतो, हसतो, पत्रिका पुढं करतो. मी पत्रिका घेत नाही. त्याच्या हनुवटीकडं बघते. आक्कानं सांगितली तेवढीच उंच आहे.

"दाजी, आक्काचा हात धरायचात तसा माझा धरा की. बांगड्यांवरनं."

त्याचं हसू जातं. तो आधी बांगड्यांकडं बघतो, मग आईकडं. आई माझ्या मनगटावरच्या कापाकडं बघतेय. तसा काप तिनंही पाहिलाय, ज्या दिवशी मी पाहिला त्याच दिवशी. ती पुढं येते आणि त्याच्या हातातनं शिऱ्याची बशी काढून घेते.

"धरा," आई म्हणते.