बंदनंतरचा पहिला दिवस

माझ्या थोरल्या भावाला बेसबॉलमधलं शेवटपर्यंत काही कळलं नाही. चेंडू कुठे गेला म्हणजे धाव मिळते, हेही नाही. पण अमेरिकेतला कोणता संघ काल खेळला आणि कोणता सुट्टीवर होता, हे त्याला तोंडपाठ असायचं. त्यावरून तो मोबाईलवर पैसे लावायचा, आणि तसं करायला धीर मी दिला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला स्वतःला सावरून घेता येणार नाही.

दादाने उभा जन्म लासलगावला कांद्याच्या लिलावात पुकारा करण्यात घालवला. आवाज असा, की शेवटच्या ट्रॅक्टरवाल्यालाही पुन्हा विचारावं लागत नसे. त्या गलक्यात त्याचे कान मात्र गेले. वहिनी गेल्यावर मी त्याला नाशिकला आमच्या फ्लॅटवर आणलं. सुरुवातीला आम्ही त्याच्याशी ओरडून बोलायचो. मग ओरडायचा कंटाळा येऊन कमी बोलायला लागलो. कानाच्या मशीनसाठी त्याच्या मुलीने पैसे पाठवले होते. स्वस्तातलं घेऊ नका, असं तिने मला फोनवर बजावलं होतं. दादा आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला आणि मीही नेटाने मागे लागलो नाही.

तेवढ्यात मोबाईलवर हे पैसे लावणं सुरू झालं. असले अॅप आता बंद झालेत म्हणतात, दादाचं कुठून तरी चालूच होतं. तिकडच्या संध्याकाळचे सामने इथे आपल्या सकाळच्या चहाच्या वेळेला असतात. दादा पहाटे उठून बाल्कनीत बसायचा. आकडे बघायला कान लागत नाहीत, ही त्यातली खरी गंमत असावी.

एका सकाळी तो माझ्याकडे वही घेऊन आला. मी कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, याची त्याला घरात सगळ्यांपेक्षा जास्त किंमत होती. म्हणाला, "अमावस्येला लिलाव बंद ऱ्हायचा, आठवतंय? बंदनंतरचा पहिला दिवस पडेल असतो. हितंबी तसंच हाय. सुट्टी खाल्लेला संघ दुसऱ्या दिवशी पडतो. तू मास्तर हायेस, बघ जरा."

मार्केट यार्डातलं त्याचं म्हणणं बरोबर होतं. बंदच्या दिवसांत माल साठतो, मग एकदम आवक होते आणि भाव कोसळतो. पण संघ सुट्टीवर गेला म्हणून त्याच्याकडे काय साठणार? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी त्याच्या वहीतले दोन आठवड्यांचे सामने पाहिले. त्यात विश्रांती घेतलेले संघ खरोखरच जास्त वेळा हरले होते. मी मान डोलावली आणि म्हणालो, दिसतंय खरं काहीतरी.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला असला तरच, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायचो. त्या सकाळी मात्र दोन शितं चिमटून मी पातेलं पास केलं. दादाचा चेहरा उजळला. त्या दिवशी तो माझ्याशी तासभर बोलला.

पुढे त्याच्या मुलीचा फोन आला, बाबांना मशीन घेतलं का? मी दादाला विचारलं. तो डोळे चुकवत म्हणाला, मशीनचे पैसे तिकडं खेळातच अडकलेत, संघांच्या आणखी दोन सुट्ट्या जाऊ दे, सुटतील. दुपारभर बसून मी मागच्या सगळ्या हंगामांचे निकाल तपासले. नियम असा काही नव्हताच. विश्रांतीनंतर संघ कधी जिंकत होते, कधी हरत होते. जिथे उन्नीसबीस फरक होता, तिथे पैजेचा भाव काढणाऱ्यांनी तो आधीच धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी त्याला हे सांगितलं. स्वयंपाकघरात बायको होती, लाज वाटत होती, म्हणून हळू बोललो. दादा "हां, हां" करत राहिला. ऐकू आलं नाही की तो असंच करतो. सांगून झालं, आता सोडून द्यावं, असा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करतो. पण त्याने कानामागे हात धरला.

"मोठ्यानं पुकार."

यार्डात चुकीचा भाव पुकारला गेला, तर तो पुटपुटत दुरुस्त करत नसे. ट्रॉलीवर उभा राहून तितक्याच आवाजात पुन्हा पुकारायचा. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "दादा, तो नियम खोटा आहे. मी तपासलाच नव्हता. चूक माझी आहे."

वरच्या मजल्यावरचा मिक्सर थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली. दादाने मोबाईल पालथा ठेवला.

"मंग तवा हो का म्हनला?"

"तू मला विचारलंस, ते आवडलं मला." हेही ओरडूनच सांगावं लागलं.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता चल, मशीन मी घेऊन देतो, चांगल्यातलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि काहीतरी बोलला. लासलगावच्या अख्ख्या बाजाराला ऐकू जाणारा माझा भाऊ इतक्या हळू बोलला, की मला वाकून कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणत होता. "आता ऐकायला काय उरलंय?"