कुलपातली प्रत

असले अनुभव मी आजवर आवडीने वाचले आणि हसून बाजूला ठेवले. त्यामुळे हा लिहिताना हात जरा जड होतोय.

आम्ही नाशिकरोडला राहतो... म्हणजे आता मी एकटाच. पुढच्या खोलीत माझी पत्नी सुधा मुलांसाठी लायब्ररी चालवायची. ग्राफिक नॉव्हेल्स, परग्रह, काळातले प्रवास – असलीच पुस्तकं जास्त. कुणाला काय आवडेल हे तिला बरोबर कळायचं, पण ती पुस्तक कधी हातात देत नसे. रांगेतून बोटभर पुढे ओढून ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. "हातात दिलं की त्याचा गृहपाठ होतो," म्हणायची.

मार्चमध्ये ती गेली. मुलं येत राहिली, म्हणून मी शनिवारी दुपारी दार उघडत राहिलो.

पावसाळ्यात एकलहऱ्याहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ईशा, सातवीतली. आई वारल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. सोबत घोटीची आत्या.

"गणपतीपर्यंत बघते," आत्या भावाला म्हणाली. "नाहीतर हिला घोटीला नेते. तू ड्युटीवर आणि ही भिंतीकडे बघत बसलेली."

ईशाने वडिलांची बाही घट्ट धरली.

आमच्याकडे एक चित्रकादंबरी होती. त्यात एक मुलगी पाण्याखालच्या शहरात मेलेल्या आईला शोधत जाते. एकच प्रत. ईशाच्या नजरेला पडू नये म्हणून मी ती लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात असते.

गणपतीच्या आधीचा शनिवार. ते तिघे आले, ईशा रॅकपाशी गेली, आणि मला दिसलं – तेच पुस्तक रांगेतून बोटभर पुढे आलं होतं.

खिसा चाचपला. किल्ली होती.

"ते नको बाळा, दुसरं देतो," मी म्हणालो. तोवर तिने ते ओढून घेतलं होतं.

ती फरशीवर बसून वाचू लागली. आत्या वाकून बघत म्हणाली, "बुडालेली माणसं? असली भुताटकी देता होय लेकराला?"

"असू दे अक्का," वडील म्हणाले. "हातात तरी धरलंय."

शेवटच्या पानावर ती खूप वेळ थांबली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "यात आई परत येत नाही."

वडील तिच्याशेजारी खाली बसले. "नाही येत."

"मला माहीत होतं. तुम्हीच कोणी सांगत नव्हता."

आत्याने तोंडाला पदर लावला.

पुस्तक घरी नेऊ का, असं तिने मला विचारलं. मी उघडून पाहिलं – आमचा शिक्का, सुधाने घातलेलं प्लास्टिकचं कव्हर. होकारार्थी मान हलवली.

ते गेल्यावर कपाट उघडलं. पुस्तक आत होतं. तोच शिक्का, तसंच कव्हर.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आईने दोन घेतल्या असतील." असेलही. द्वारका चौकाजवळच्या ज्या दुकानातून सुधा पुस्तकं मागवायची, त्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "मॅडमसाठी एकच मागवली होती सर. दुसरी मिळतच नव्हती." आणि दोन असल्याच, तरी ती पुढे कोणी ओढली?

आत्या एकटीच घोटीला गेली. परवाच्या शनिवारी ईशाने पुस्तक परत आणून टेबलावर ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघायला हव्यात, हे मला कळतं... अजून कपाट उघडलेलं नाही.