सोवळ्याच्या दांडीखालून

इकडे ये गं पोरी, जवळ ये. पत्रातून कशी येणार म्हणा, पण तोंड फिरवू नकोस, मी थोडी रागावणार आहे. तुझ्या संघाचा फोटो तुझ्या आजीने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, फोनवर पाठवला. बक्षीस देणाऱ्या साहेबांशेजारी तू गुडघे दुमडून उभी. का, तर साहेब बुटके. लाज नाही वाटली? तू सेंटर आहेस गं. बास्केटखाली उभी राहणारी, संघातली सगळ्यात उंच. मीही तीच होते. म्हणून हे ऐक. शाळा माझी आठवीपर्यंतची, लिहिते ते बोलल्यासारखंच.

मी तेरा वर्षांची होते. पाण्याची बादली घेऊन नळाकडून येत होते. डोक्याला काहीतरी ओलं लागलं. काकूंचं सोवळ्याचं लुगडं.

इथे नदीकाठी, दुर्गाघाटच्या गल्लीत, यात्रेकरूंची पूजा सांगणाऱ्या एका मराठी गुरुजींचं ते घर. काकू म्हणजे त्यांची बायको. आई तिथे भांडी घासायची, झाडलोट करायची. त्याबद्दल जिन्याखालची खोली आम्हाला. वडील भुसावळहून इथे रेल्वेत खलाशी, म्हणजे हातकामाला, म्हणून आलेले, नोकरी पक्की व्हायच्या आधीच गेले. गुरुजी मराठी, आम्हीही मराठी. पण आमची जात त्यांच्या स्वयंपाकघराच्या बाहेरची. सोवळ्याचं लुगडं कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून चौकात उंच बांधलेल्या दांडीवर काठीने वाळत टाकायचे. बाकी कोणाचं डोकं तिथवर पोचत नसे. माझं पोचलं.

काकू ओरडल्या नाहीत. थंडीचे दिवस, पहाटेचं धुतलेलं लुगडं त्यांनी काठीने खाली ओढलं, पुन्हा धुतलं, पुन्हा अंघोळ केली. मला तोवर चौकात उभं केलं. मग आईकडे बघून म्हणाल्या, "हिला सांग, या घरात वाकून चालायचं."

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. काकूंच्या देखत, त्यांना दिसावा असा.

दांडी वीतभर वर बांधता आली असती. कोणाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं, बघ.

तेव्हापासून दारापासून नळापर्यंत मी वाकून जायची. हात छातीशी, मान खाली. रोज वीस वेळा. गल्लीतली पोरं ऊँटनी म्हणायची. ऊँटनीचं काय, ती निदान मान वर करून चालते.

वडिलांच्या ओळखीचे एक रेल्वेवाले चाचा मला त्यांच्या मैदानावर घेऊन गेले. तिथल्या कोचने बॉल फेकला. मी छातीशी धरला आणि वाकले. तो वैतागला. "हाथ ऊपर कर, बेटा. किससे डरती है?" डोक्यावर हात न्यायला मला आठवडा लागला.

पण उंची विकली गेली. रेल्वेत खेळाडूच्या जागेवर नोकरी लागली. मग बघ, सिकंदराबाद, कोलकाता, चेन्नई, दोनदा कोलंबो. थायलंडच्या एका क्लबाने तर एक मोसम पगारावर खेळवलं. लोक म्हणतात, बाई खूप फिरली. काय फिरली? हॉल पाहिले. हॉस्टेल पाहिले. कोणत्याच गाडीच्या बर्थवर पाय मावले नाहीत. सेंटरचं काम तुला माहीत आहे, समोरच्या संघातलीला पाठ लावायची आणि बरगड्यांत कोपरं खायची. मोसम संपला की ऑफिस. तिथे मी खेळाडू नव्हते, शिडी होते. वरच्या रॅकवरची फाईल हवी की मला हाक. मी काढून द्यायची. हसून द्यायची.

आई त्याच खोलीत. मी क्वार्टरमध्ये चल म्हणायची, ती म्हणायची, तू कुठे असतेस घरी? खरंच होतं ते.

थायलंडहून आले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची. अंगात संघाचा कोट, गळ्यात पदक. आईला दाखवायला म्हणून दारातून आत शिरले. नळाजवळ आई राखेने पातेलं घासत होती. काकू ओसरीवर वाती वळत बसलेल्या. मी चौक ओलांडला आणि आईसमोर पोचल्यावर कळलं, मी वाकून आले होते.

कोणी सांगितलं नव्हतं. काकूंनी वर बघितलंही नव्हतं. कोट घातलेली, तीन देशांत खेळलेली बाई, मी माझी मीच वाकले.

वळले, पुन्हा दाराशी गेले आणि ताठ चालत आले. लुगडं डोक्याला लागलं. ओलं, गार. मी थांबले तिथेच.

काकू म्हणाल्या, "डोळे फुटले का?"

मी म्हटलं, "नाही. दिसलं म्हणूनच चालले. धुवायचं तर धुवा. आई उद्यापासून इथे नसेल."

आईच्या हातातलं पातेलं थांबलं. ती माझ्यावर चिडली, काकूंवर नाही. "तू परवा गाडीत बसशील. मी कोणाच्या दारात राहू?"

मी परवा गाडीत बसले नाही. त्या मोसमाला गेलेच नाही, संघाने मला काढून टाकलं, क्वार्टरही गेलं. मुन्शी घाटामागे एक कमरा घेतला. आई आली, पण सुखाने नाही. शेवटपर्यंत तिला वाटायचं, मी तिचं घर घालवलं. कधी म्हणाली नाही की बरं केलंस. मला तेही सोसावं लागलं.

आता नवीन ऐक. त्या घरात हल्ली यात्रेकरूंना खोल्या देतात. काकूंचा नातू मागच्या आठवड्यात आला, नमस्कार केला, मुलगा वाईट नाही. इथल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार ठरवलाय, त्याच चौकात. पत्रिकेचा कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं, "आमच्या घरची लेक."

मी म्हटलं, बाळा, मी तुमच्या घरची लेक नव्हे. माझ्या आईचं नाव छाप, आणि ती तुमच्याकडे बावीस वर्षं भांडी घासत होती, तेही छाप. मग येते.

तो अवघडला. म्हणाला, "आजी, चांगल्या दिवशी जुनं कशाला?"

मी कागद परत दिला. शाल नको, नारळ नको. दोन बायका येऊन समजावून गेल्या, मंडळी रागावतील म्हणाल्या. रागावू देत. आईचं नाव आणि तिचं काम छापलं जात नाही, तोवर त्या चौकात मी पाऊल ठेवणार नाही. मेल्यावर सत्कार केला तर तोही माझ्या वतीने कोणी घ्यायचा नाही. हे तुला लिहून देते, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल.

सामने संपले की ये. चार दिवस काढून ये, गाडीचं आजच बघ. कमरा लहान आहे, पण आपण दोघी मावतो. लवकर ये गं.